जुन्नरचे देणगीदार : कातळावर कोरलेला हिशेब

शिक्षणसंस्थेची स्मरणिका हाती आली की आपण प्रथम छायाचित्रे पाहतो आणि मग देणगीदारांची यादी उघडतो. यादीत आपले, आपल्या भावाचे, शेजाऱ्याचे नाव शोधतो. नाव सापडले की समाधान वाटते आणि पुस्तक कपाटात जाते. पुढच्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन कार्यकर्ते दारात उभे राहिले म्हणजे देणगीदाराला संस्थेची आठवण होते, आणि संस्थेलाही देणगीदाराची आठवण त्याच दिवशी होते. वर्षातून एकदा होणाऱ्या या भेटीवर संस्था उभी राहू शकते. पण ती पन्नास-शंभर वर्षे टिकू शकते काय, असा प्रश्न कोणत्याही शिक्षणप्रेमी माणसाच्या मनात यावा.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जुन्नर-आंबेगावच्या माणसाने फार दूर जाण्याचे कारण नाही. जुन्नर गावाभोवतीच्या डोंगरांत देणगीदारांची एक यादी सुमारे दोन हजार वर्षांपासून कातळावर कोरलेली आहे. आपण लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतो, शिवनेरीवर सहली नेतो, मुलांना राजांची नावे सांगतो. परंतु ही लेणी खोदण्याचा खर्च कोणी केला आणि ती चालू ठेवण्याची व्यवस्था कोणी लावली, हे मात्र सांगायचे राहून जाते. तेच प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे.

जुन्नर हे प्राचीन काळी मोठ्या रहदारीचे गाव होते. कोकणातील कल्याण बंदराकडून निघालेला माल नाणेघाट चढून वर येई आणि जुन्नरमार्गे पुढे देशावर जाई. ज्या गावी रस्ता, त्या गावी बाजार. आणि ज्या गावी बाजार, त्या गावी दान, असा जुना रिवाज आहे. शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लहानमोठी खोदकामे आहेत. यांत चैत्यगृहे आहेत, भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत, भोजनमंडप आहेत, पाण्याची टाकी तर जागोजाग आहेत. यांपैकी काहींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत लेख कोरलेले आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख वाचून १८८१ साली ते एकत्र छापले. त्यांत जुन्नरचे लेखही आहेत. पुढे अनेक अभ्यासकांनी हे वाचन सुधारले. हे लेख अगदी लहान, बहुतेक एक-दोन ओळींचे आहेत. पण एकेक ओळ म्हणजे एकेक पावती आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

आता या पावत्यांवरची नावे पाहू.

लेण्याद्रीवरील चैत्यगृह सुलसदत्त नावाच्या गृहस्थाचे दान आहे. तो कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणारा, सराफ किंवा खजिनदार. म्हणजे आपल्या तालुक्यातील हे नामांकित चैत्यगृह घाटाखालच्या माणसाच्या पैशातून झाले. शिवनेरीच्या डोंगरातील चैत्यगृह वीरसेनक या प्रमुख गृहस्थाने दिले आणि ते सर्व लोकांच्या हितासुखासाठी आहे, असे त्याने लिहून ठेवले. चित नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. चंद नावाच्या दुसऱ्या यवनाने मानमोडीवरील चैत्याचा दर्शनी भाग दिला. इरिल नावाच्या तिसऱ्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले. नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी मंडप व टाके दिले.

या यादीवरून पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की, येथे एकाच धनवानाने सर्व काही केलेले नाही. एकाने देऊळ, एकाने दर्शनी भाग, एकाने जेवणाची जागा, एकाने नुसते टाके दिले. ज्याची जेवढी ऐपत, तेवढे काम त्याच्या वाट्याला आले. पण जे दिले ते नेमके दिले. ‘लेण्यांच्या कामास मदत’ असे मोघम शब्द कोणी कोरलेले नाहीत. ‘दोन टाकी’ म्हणजे दोनच टाकी. दोन हजार वर्षांनी आपण त्या टाक्यापाशी उभे राहून म्हणू शकतो की, हे इरिलाचे. देणगीदाराला आपला पैसा कोठे गेला हे दाखविता येणे, हा दोघांमधील विश्वासाचा पहिला धागा आहे.

दुसरी गोष्ट अशी की, देणाऱ्यांत स्थानिक आहेत तसे परगावचेही आहेत. व्यापारी आहेत तसे राजाचे कारभारीही आहेत. आणि ज्यांचा वंश, भाषा, देश निराळा, असे यवन व शक लोकही आहेत. त्यांना परके मानून कोणी दूर ठेवले नाही आणि त्यांनीही हे काम परक्याचे मानले नाही. रस्त्याने जाता-येता ज्या गावाचा आधार वाटला, त्या गावाच्या चांगल्या कामाला त्यांनी हात लावला. आज जुन्नर-आंबेगावची कितीतरी माणसे पोटापाण्यासाठी मुंबई, पुणे, ठाणे, भिवंडीकडे गेलेली आहेत. कल्याणचा सुलसदत्त जर घाट चढून वर येत होता, तर आपलीच माणसे घाट उतरून गेली म्हणून परकी कशी होतील? त्यांच्याशी नाते ठेवणे हे काम संस्थेचे आहे.

येथे कोणी म्हणेल की, लेणे खोदून देणे हे सोपे. आजच्या भाषेत बोलायचे तर ‘इमारत फंडा’ला देणगीदार मिळतात. संगमरवरी पाटीवर नाव लागते, उद्घाटन होते, हार-तुरे होतात. पण इमारतीत दिवा कोण लावणार, पाणी कोण भरणार, गळके छप्पर कोण दुरुस्त करणार आणि गरीब मुलांची फी कोण भरणार? संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. खरी कसोटी येथेच असते, आणि याच बाबतीत जुन्नरच्या लेखांपासून आपल्याला जास्त शिकण्यासारखे आहे.

त्यासाठी आधी नाणेघाटातील प्रसिद्ध लेखाची आठवण करू. सातवाहन राणी नागनिका हिच्या नावाशी जोडलेल्या या लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेची मोठी यादी आहे. हजारो गायी, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण नाणी असे ते राजदान आहे. एवढे मोठे दान सामान्य गावकरी स्वप्नातही देऊ शकत नाही. पण ते प्रसंगाचे दान होते. यज्ञ झाला, दक्षिणा दिली गेली, ती घेणाऱ्यांच्या घरी गेली. त्यात गैर काहीच नाही. त्या दानाचा हेतूच तसा होता. मात्र पुढच्या वर्षी काय, हा प्रश्न त्या यादीत नाही.

तो प्रश्न जुन्नरच्या साध्या लोकांनी विचारला. मानमोडीच्या डोंगरावर अदुथुम नावाच्या शक उपासकाचा लेख आहे. कोनाचिक नावाच्या श्रेणीशी त्याचा संबंध होता. त्याने वडालिका गावची २० निवर्तने जमीन करंजाच्या नावे व कटपुतक गावची ९ निवर्तने वडाच्या नावे लावून दिल्याचे त्यात आहे. निवर्तन हे जमीन मोजण्याचे त्या काळचे माप. दुसऱ्या एका लेखात बांबूचे काम करणाऱ्या श्रेणीकडे दरमहा पावणेदोन व काशाची भांडी करणाऱ्या कासारांच्या श्रेणीकडे दरमहा पाव असा हिशेब दिला आहे. म्हणजे कोणीतरी या कारागीर संघटनांकडे ठेव ठेवली होती आणि त्या ठेवीचे उत्पन्न महिन्याच्या महिन्याला धर्मकार्याला मिळत होते. अशा कायम ठेवीला त्या काळी ‘अखयनिवी’ म्हणत. अखय म्हणजे अक्षय, न संपणारी; निवी म्हणजे मूळ भांडवल. मुद्दलाला हात लावायचा नाही, केवळ उत्पन्न वापरायचे, हा तिचा नियम.

जुन्नरचे लेख त्रोटक आहेत. या व्यवस्थेचे पूर्ण चित्र पाहायचे असेल तर आपल्याला शेजारच्या नाशिकला, पांडवलेण्यांत जावे लागते. काळ तोच आणि राज्यही तेच, नहपान क्षत्रपाचे. नहपानाचा जावई उषवदात याने तेथे लेणे दिले आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची अखयनिवी गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. लेखात या पाऊणासाठी ‘पायून’ असा शब्द आहे. आपल्या मराठीतला ‘पाऊण’ किती जुना आहे, हे यावरून विद्यार्थ्यांना सांगता येईल.

आता हे गणित फळ्यावर सोडवून पाहू. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेखात म्हटले आहे की, पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. २० गुणिले १२ म्हणजे बरोबर २४०. एक नाणे कमी नाही, एक जास्त नाही. दुसऱ्या १,००० चे वर्षाचे व्याज ९० होते. ते किरकोळ खर्चासाठी ठेवले आहे. आधी गरज मोजली, मग तिला पुरेल इतके व्याज देणारे मुद्दल ठेवले, असे या आकड्यांवरून स्पष्ट दिसते. देणगी मागणाऱ्याला आपली गरज नेमकी सांगता आली पाहिजे, हा धडा यात आहे. ‘यथाशक्ती द्या’ असे म्हटले की माणूस खिशात हात घालून जे हाती येईल ते देतो. ‘वीस विद्यार्थ्यांच्या गणवेशाला दरसाल इतके रुपये लागतात’ असे म्हटले की तो बसून विचार करतो.

उषवदाताच्या लेखात आणखी दोन वाक्ये फार मोलाची आहेत. एक असे की, हे कार्षापण परत करावयाचे नाहीत, फक्त त्यांचे व्याज भोगावयाचे. दुसरे असे की, हे सर्व निगमसभेत, म्हणजे गावच्या व्यापारी-महाजनांच्या सभेत, जाहीर केले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविले. राजाचा जावई असूनही त्याने आपल्या शब्दावर विसंबून राहा असे म्हटले नाही. सभेला ऐकविले, दप्तरात नोंदविले आणि शिवाय कातळावर कोरले. पैसा सांभाळणारे विणकर, वापरणारे भिक्षू आणि साक्षीला नगरसभा, असे तीन हात वेगवेगळे ठेवले. एका हातात सर्व चाव्या दिल्या नाहीत.

नाशिकलाच पुढे ईश्वरसेन या आभीर राजाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेव ठेवली. ती ठेव तिने एकाच श्रेणीकडे न देता वेगवेगळ्या श्रेणींकडे विभागून ठेवली. कुलरिकांकडे १,०००, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे २,०००, शिवाय तेली लोकांकडेही. एका धंद्याला मंदी आली तर दुसरा आधार राहील, इतका व्यवहार त्या बाईला ठाऊक होता. आपल्याकडे स्त्रिया दान देतात ते बहुधा घरातील कर्त्या पुरुषाच्या नावाने. विष्णुदत्तेने स्वतःच्या नावाने दिले, पैसा कशासाठी वापरायचा हे स्वतः ठरविले, आणि तेही कोरून ठेवले.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, एकदा अखयनिवी ठेवली की दात्याचे काम संपले आणि संस्थेचेही. तसे मात्र नाही. नाशिकच्याच लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा त्याच्या राज्याच्या २४ व्या वर्षीचा लेख आहे. राजा व राजमाता गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा देतात. तिचा आशय असा : आम्ही पूर्वी येथील भिक्षूंना ककडी गावचे शेत दिले होते. पण ते शेत आता कसले जात नाही आणि गावही वसलेले नाही. सबब नगराच्या सीमेवरील आमच्या शेतातील १०० निवर्तने जमीन आम्ही त्यांना देत आहोत.

मला हा लेख फार विचार करण्याजोगा वाटतो. दिलेल्या दानाचे काय झाले, याची दात्याकडे चौकशी होती. गाव ओस पडले, शेत पडीक झाले, ही बातमी भिक्षूंकडून राजापर्यंत पोहोचली. भिक्षूंनी ती संकोचाने लपवून ठेवली नाही आणि राजानेही ‘एकदा दिले, आता पुन्हा काय?’ असे म्हटले नाही. देणारा आणि घेणारा यांच्यात बोलणे चालू होते, म्हणून दान पुन्हा जिवंत झाले. आंबेगाव तालुक्यातील वाचकाला गाव उठून जाणे म्हणजे काय हे सांगायला नको. ज्या आंबेगावचे नाव तालुक्याला आहे, ते मूळ गाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे आणि कचेऱ्या घोडेगावला आहेत. जमीन, गाव, बाजार, सरकार, सगळे बदलते. दानपत्रावर ‘अक्षय’ लिहिल्याने दान अक्षय होत नाही. दोन्ही बाजूंनी त्याची देखरेख केली, तरच ते टिकते.

याचे आजचे उदाहरण पुष्कळ शाळांत सापडेल. समजा, कोणी सद्गृहस्थाने १९८० साली वडिलांच्या स्मरणार्थ ५०० रुपये ठेव ठेवली आणि तिच्या व्याजातून पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला बक्षीस द्यावे असे सांगितले. त्या काळी तेवढ्या व्याजात पुस्तके येत. आज शेकडा सात दराने त्या ठेवीचे वर्षाचे व्याज ३५ रुपये होते. त्यात एक चांगली वहीसुद्धा येणे कठीण. मुद्दल शाबूत आहे, हिशेब चोख आहे, पण बक्षीस मेले. अशा वेळी शाळा काय करते? बहुधा गप्प राहते. वास्तविक त्या सद्गृहस्थाच्या मुलाकडे, नातवाकडे जाऊन सांगता येईल की, ‘आपल्या वडिलांच्या नावाची ठेव आम्ही सांभाळली आहे, आजवर या या विद्यार्थ्यांना बक्षीस मिळाले, त्यांतला एक आज शिक्षक आहे, एक परिचारिका आहे; आता ही ठेव वाढविण्याची वेळ आली आहे.’ असे सांगणाऱ्याला कोण नकार देईल? ककडीच्या शेताची गोष्ट ती हीच.

मुद्दल राखून उत्पन्न वाटण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. हजरत उमर (रजि.) यांना खैबर येथे जमीन मिळाली, तेव्हा त्यांनी पैगंबरसाहेबांना (स.) सल्ला विचारला. मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न गरजूंसाठी द्यावे, असा मार्ग त्यांना सांगण्यात आला आणि ती जमीन विकायची नाही, कोणाला बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही, असे ठरले. वक्फची कल्पना समजावताना हे उदाहरण नेहमी दिले जाते. देश निराळा, काळ निराळा, धर्म निराळा. पण चांगल्या कामाला दरवर्षी हात पसरावा लागू नये ही काळजी मात्र एकच.

कोणी अशीही शंका काढील की, दगडावर नाव कोरणे म्हणजे मिरवणे नव्हे काय? गुप्त दानाचे पुण्य मोठे असे आपण लहानपणापासून ऐकतो. शंका रास्त आहे. ज्याला नाव नको, त्याचे नाव छापू नये. त्याची इच्छा ही संस्थेने अमानत मानावी. परंतु नाव गुप्त ठेवता येते, तसा हिशेब गुप्त ठेवता येत नाही. जुन्नरच्या लेखांत नावाइतकेच महत्त्व ‘काय दिले, कशासाठी दिले, कोणाकडे ठेवले’ याला आहे. जकात म्हणून आलेली रक्कम इतर देणग्यांत मिसळली, तर देणाऱ्याचा हेतूच हरवतो. ती निराळ्या खात्यात, निराळ्या कामासाठीच राहिली पाहिजे. हेतू जपणे हाच दात्याचा खरा सन्मान होय, शाल-श्रीफळ त्यानंतर.

आधुनिक काळात महाराष्ट्रात ज्या शिक्षणसंस्था टिकल्या, त्यांचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. मुंबईची अंजुमन-इ-इस्लाम ही संस्था बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली स्थापन केली. तिची शाळा १८८० साली सुरू झाली आणि बोरीबंदर स्टेशनासमोरची भव्य इमारत १८९३ साली उभी राहिली. स्थापनेपासून इमारतीपर्यंत १९ वर्षे लागली. एवढा काळ देणगीदारांचा उत्साह टिकवून ठेवणे हे इमारत बांधण्यापेक्षाही कठीण काम होते. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केले, तेव्हा त्यांच्यापाशी श्रीमंती नव्हती. चार वर्षांनी, १९२० साली, सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. आधी काम दिसले, मग दान आले.

परंतु मोठे दान हा एकच मार्ग नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांसाठी ‘मुष्टिफंड’ जमविला जाई. घरातल्या बाईने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे, आणि ते पुढे मुलांच्या जेवणासाठी गोळा व्हायचे. एका मुठीची किंमत ती काय? पण ती मूठ काढताना त्या बाईला वसतिगृहातल्या मुलाची आठवण होत होती. वर्षाला एकदा शंभर रुपये देणाऱ्यापेक्षा अशी मूठ काढणारी बाई संस्थेच्या जास्त जवळची होती. आपल्याच पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे येथे अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली काच कारखाना निघाला, तोही एकेक पैसा गोळा करून. रयत शिक्षण संस्थेने आपले बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष घेतला. मानमोडीवरच्या अदुथुमाच्या लेखातही वड आहेच. लहान बी, मोठी सावली, आणि फांदीने पुन्हा जमिनीत रोवलेले मूळ. टिकणाऱ्या संस्थेला यापेक्षा चांगले चिन्ह कोणते मिळणार?

वाचकहो, जुन्या लेखांचे कौतुक करून थांबावे असा हेतू नाही. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या गावांतील आपल्या शाळा व संस्था यांनी या लेखांतून काही गोष्टी उचलाव्यात, असे सुचवावेसे वाटते. पहिली, देणगी मागताना गरज आकड्यांत सांगावी व काम लहान लहान भागांत वाटून द्यावे, म्हणजे शंभर रुपये देणाऱ्यालाही आपले म्हणता येईल असे काहीतरी मिळेल. दुसरी, चालू खर्चाची देणगी व कायम निधी यांची खाती वेगळी ठेवावीत. आजच्या आयकर कायद्यातही कायम निधीसाठी दिलेली देणगी तशी मानली जावी म्हणून दात्याने स्पष्ट सांगावे लागते. तेव्हा पावती देतानाच त्याच्याकडून तसे लिहून घ्यावे. तिसरी, हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत पाठविला म्हणजे संपले असे न मानता तो गावात वाचून दाखवावा, निगमसभेत वाचत असत तसा. चौथी, पैसे मागायला जाण्याआधी वर्षातून निदान एकदा काही न मागता देणगीदाराकडे जावे. त्याच्या पैशातून शिकलेल्या मुलीला बरोबर न्यावे, निकाल दाखवावा, चहा घ्यावा आणि परत यावे. पाचवी, एखादे काम बसले, ठेव अपुरी पडली, तर ते लपवू नये; गोवर्धनच्या भिक्षूंप्रमाणे सरळ कळवावे.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण आहे, पण तिच्याशिवाय बाकीच्या चार व्यर्थ आहेत. अपयश कळविणाऱ्या संस्थेवर माणसे रागावतात, पण विश्वास ठेवतात. नेहमी ‘सर्व ठीक आहे’ म्हणणाऱ्या संस्थेला ती हसून दहा रुपये देतात आणि दार लावून घेतात.

जुन्नर एके काळी हातकागदासाठीही प्रसिद्ध होते. येथील कागदी मंडळींनी बनविलेला जुन्नरी कागद पेशवाईत दप्तरासाठी वापरला जाई. म्हणजे ज्या गावच्या कातळावर दानाचे हिशेब कोरले गेले, त्याच गावच्या कागदावर पुढे राज्याचे हिशेब लिहिले गेले. हिशेब लिहून ठेवण्याची एवढी मोठी परंपरा ज्या मातीत आहे, तेथील शिक्षणसंस्थांचे हिशेब अपुरे राहावेत हे शोभण्यासारखे नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जुन्नरच्या त्या अखयनिवी आज उरलेल्या नाहीत. बांबूवाल्यांची श्रेणी गेली, कासारांची गेली, वडालिकाची २० निवर्तने कोणाच्या नांगराखाली आहेत हे कोणी सांगू शकणार नाही. भिक्षूही गेले. दगडावरची अक्षरे तेवढी राहिली. अक्षरे राहिली म्हणून दान राहिले नाही. ज्या दिवशी ते सांभाळणारी आणि त्याची विचारपूस करणारी माणसे संपली, त्या दिवशी ते संपले. आपल्या शाळेच्या भिंतीवरही संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवरील नावांपैकी किती जणांच्या घरी आपण गेल्या वर्षात गेलो, हे प्रत्येक संस्थाचालकाने, शिक्षकाने आणि माजी विद्यार्थ्याने एकदा मोजून पाहावे. यादी लहान असेल तर या वर्षीच सुरुवात करता येईल. घरे जवळच आहेत.